मारुतीचे इंजिन आणि पुराचे पाणी

विदर्भातील व्यापारी घरांच्या जुन्या छायाचित्रांत एक लहानशी पांढरी मोटार वारंवार भेटते. ती कधी दुकानाच्या पायरीशी उभी असते, कधी जिनिंगच्या फाटकाशी. तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक आणि झेंडूचा हार असतो आणि तिला टेकून घरातील तीन पिढ्या उभ्या असतात. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिल्लीत पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत ज्या घरात पूर्वी सायकल आणि स्कूटर यांपलीकडे वाहन नव्हते, त्या घरात मोटार आली. तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे आणि चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचे. उघडून पुन्हा जोडण्यास इतके सोपे की तालुक्याच्या गावातील मिस्त्रीसुद्धा ते बिनधास्त उघडी.

मोटार विकली जाते, पण इंजिन सहसा मरत नाही. दुसरा मालक, तिसरा मालक, मग भंगाराचे दुकान. तेथून ते कुठे पाण्याच्या पंपाला लागते, कुठे जनरेटरला. व्यापाऱ्याच्या वहीत जी वस्तू शून्य किमतीची झालेली असते, तिच्यातच एखाद्या कारागिराला भांडवल दिसते. यवतमाळ जिल्ह्यात असेच एक इंजिन हेलिकॉप्टरला लागले.

महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. कापूस, सोयाबीन, आठवडी बाजार आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नाले, असा या भागाचा संसार. तेथील शेख इस्माईल शेख इब्राहिम हा पंचविशीच्या आसपासचा तरुण पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करी. शाळा आठवीपर्यंत. कपाटे, कूलर अशा घरोघरच्या वस्तू तो बनवी. पत्रा कापणे, वाकवणे, जोडणे या कामांत त्याचा हात बसलेला होता. ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट पाहून आपणही काही नवे घडवावे असे त्याच्या मनाने घेतले, असे पुढे त्याच्याविषयी सांगितले गेले. यूट्यूबवरील चित्रफिती हाच त्याचा वर्ग आणि तीच त्याची पाठ्यपुस्तके. सुमारे दोन वर्षे राबून त्याने एका माणसाला बसता येईल असे यंत्र उभे केले. त्यात मारुती ८०० चे इंजिन होते. लाडाच्या नावावरून त्या यंत्राचे नाव ठेवले ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. १५ ऑगस्ट २०२१ रोजी स्वातंत्र्यदिनी ते लोकांसमोर उडवावे, फुलसावंगीचे नाव दूरवर जावे, ही त्याची इच्छा होती.

त्या तारखेला चार-पाच दिवस उरलेले असताना, १० ऑगस्टच्या रात्री जमिनीवरच चाचणी सुरू होती. यंत्र हवेत चढले नव्हते, चढवायचेही नव्हते. इंजिनाचा वेग वाढवून पाती कशी फिरतात एवढेच पाहायचे होते. मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पात्यावर आदळले आणि ते पाते आत बसलेल्या तरुणाच्या डोक्यावर आले. रुग्णालयात नेले, परंतु प्राण वाचले नाहीत. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

ही बातमी देशभर पसरली, परदेशांतही छापली गेली. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी चेष्टा केली. आठवी शिकलेल्या पोराने हेलिकॉप्टर करायला जावेच कशाला, असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. हा प्रश्न फारसा न्यायाचा नाही. कपाट बनवणाऱ्या हाताला चाचपडत का होईना, पण फिरत्या पात्यांची रचना उभी करता आली, ही साधी गोष्ट नव्हे. ज्या ज्ञानाने तो वाचला असता, ते चित्रफितीत दिसत नाही. अडचण तेथे होती.

ते ज्ञान म्हणजे हिशेबाचे ज्ञान, आणि हिशेब व्यापाऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. समजा, अडीच मीटर लांबीचे पाते मिनिटाला ४०० फेरे घेत आहे. त्याचे टोक ताशी सुमारे ३७५ किलोमीटर वेगाने धावते. त्या टोकाशी एक किलो वजनाचा तुकडा असेल, तर तो जागेवर धरून ठेवण्यास जवळजवळ साडेचारशे किलोची ओढ लागते. म्हणजे टोकाशी बसवलेला एक बोल्ट, एक वेल्डिंगचा टाका, पत्र्यातील एक बारीक चीर यांच्यावर प्रत्येक क्षणी सहा-सात माणसे लोंबकळत असल्याइतका भार असतो. शिवाय तो भार एकसारखा नसतो. पाते थरथरते आणि प्रत्येक फेऱ्यात धातू थोडा थोडा थकतो. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तुटतो, तसेच हे. कपाटाचे वेल्डिंग कच्चे राहिले तर दार लटकते, मग ग्राहक कुरकुरतो, कारागीर ते पुन्हा जोडून देतो. हवेतील यंत्र अशी दुरुस्तीची उधारी ठेवत नाही.

आता या कथेतील एक विसंगती पाहण्यासारखी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील गावे आभाळाअभावी अडत नाहीत. ती अडतात पाण्यामुळे. दक्षिणेला पैनगंगा, ईशान्येकडे वर्धा, मध्ये पूस, अरुणावती, अडाण आणि असंख्य नाले. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की तासा-दोन तासांत कोरडा नाला छातीइतका होतो. पूर्वी चार महिने बैलगाड्यांची वाहतूकच थांबत असे. साधू-साध्वींचा विहार थांबे, तसा व्यापाराचाही जणू चातुर्मास असे. माल अडून पडे आणि वसुली दिवाळीवर जाई. आज डांबरी रस्ते झाले, पूल झाले, तरी कित्येक ठिकाणी ते पूल ठेंगणे आहेत आणि पाऊस त्यांच्यावरून जातो. अशा मुलखात मारुतीचे एक इंजिन, वेल्डिंगचे यंत्र आणि दोन वर्षांची जिद्द हाताशी असलेल्या माणसाने पाण्यावर चालणारी मोटार बनवण्याचे स्वप्न पाहिले असते, तर ते अधिक जवळचे ठरले असते. तसे स्वप्न पाहणारे जगात पुष्कळ झाले आहेत.

त्यातील सर्वांत हट्टी माणसाची कथा भारतातच सुरू होते. बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियाचा खाण-अभियंता दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या अभियंता दलात होता. १९४६ साली बंगालमधील कलाईकुंडा येथील विमानतळावर त्याला फोर्ड कंपनीची लष्करी जलस्थल जीप दिसली. थोडी डागडुजी केली तर हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल, असे त्याच्या मनात आले. सोबतच्या अधिकाऱ्याने ते थट्टेवारी नेले. कार्लिनने नेले नाही. १९४७ साली त्याने अमेरिकेत तशीच एक जुनी जीप लिलावात घेतली, तिला पुढे नाकाड आणि वर केबिन बसवली, तेलाच्या टाक्या वाढवल्या. अनेक प्रयत्न फसल्यानंतर जुलै १९५० मध्ये तो पत्नीसह कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून निघाला आणि ३२ दिवसांनी अटलांटिक महासागरातील अझोरेस बेटांना लागला. प्रदक्षिणा पुरी झाली १९५८ साली. सुमारे १७ हजार किलोमीटर पाण्यातून आणि ६२ हजार किलोमीटर जमिनीवरून. मोटारीचे नाव त्याने ‘हाफ-सेफ’, म्हणजे अर्धी सुरक्षित, असे ठेवले होते. घाम रोखणाऱ्या एका मलमाच्या जाहिरातीतून ते उचललेले होते. ती मोटार आज पर्थजवळच्या, तो ज्या शाळेत शिकला तिच्या आवारात ठेवलेली आहे. अशी प्रदक्षिणा त्याच्यानंतर कुणाला साधलेली नाही. मात्र एवढे ध्यानात घ्यावे लागते की कार्लिन शिकलेला अभियंता होता, आणि त्याची जीप मुळातच पाण्यासाठी बांधलेली होती.

घरगुती मोटार पाण्यात घालणाऱ्यांत क्यूबाच्या लोकांना तोड नाही. जुलै २००३ मध्ये काही क्यूबन माणसे १९५१ सालच्या शेव्हरले ट्रकला रिकामी पिंपे बांधून, मागे पंखा लावून, बायकामुलांसह फ्लोरिडाच्या दिशेने निघाली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने त्यांना समुद्रात अडवून परत पाठवले आणि तो ट्रक बुडवून टाकला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यापैकी काहीजण १९५९ सालच्या ब्यूइक मोटारीची होडी करून पुन्हा निघाले. पुन्हा अडवले गेले. त्यांनी कुतूहलापोटी हे केले नव्हते. होडी मिळत नव्हती आणि मोटार घरात होती.

तर, एखाद्या साध्या हॅचबॅकला पाण्यावर तरंगवायचे झाले तर काय काय लागते? पहिला हिशेब आर्किमिडीजचा. मोटार जितके पाणी बाजूला सारते तितके वजन पाणी उचलते. मारुती ८०० आणि तिच्यातील माणसे मिळून ९०० किलो धरली, तर ९०० लिटर पाणी बाजूला सरायला हवे. मोटार सुमारे ३.३ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद, म्हणजे तिचा तळ साधारण साडेचार चौरस मीटरचा. तेव्हा तळ पेटीसारखा सपाट असता तर मोटार केवळ २० सेंटिमीटर बुडून तरंगली असती. चाकांच्या खोबणी आणि गोलाई यांमुळे काही जागा वाया जाते. २५ ते ३० सेंटिमीटर धरावे. वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल, पण मोटार ही मुळातच वाईट होडी नाही. ती गळकी होडी आहे, एवढेच.

ती गळते दारांच्या फटींतून, तळाच्या छिद्रांतून, गियरच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्यांभोवतून. म्हणून घरगुती प्रयोग करणारे बहुधा दारे वेल्डिंगने कायमची बंद करतात आणि खिडकीतून आत उतरतात. तळावर आतून-बाहेरून फायबर आणि रेझिनचा थर देतात. फिरत्या दांड्यांना दुहेरी ऑइल सील आणि भरपूर ग्रीस लावतात. तरीही पाणी आत येतेच. म्हणून बॅटरीवर चालणारा उपसा पंप लागतो, आणि तो इंजिनावर अवलंबून असता कामा नये; कारण इंजिन बंद पडते तेव्हाच त्याची खरी गरज असते. धुराचा पाइप छपरापर्यंत उंच न्यावा लागतो. केबिन बंदिस्त असेल आणि धूर आत शिरत असेल, तर माणूस बुडण्याआधी गुदमरतो. इंजिन तापते ते वेगळेच, कारण बंद पेटीत रेडिएटरला वारा मिळत नाही.

खरी डोकेदुखी तोलाची. मारुतीचे इंजिन पुढे असल्यामुळे मोटार पाण्यात शिरताच नाक खाली घालते. मग पुढच्या बाजूला रिकामी पिंपे बांधावी लागतात. दोनशे लिटरचे एक लोखंडी पिंप स्वतःचे वजन वजा जाता १८० किलोच्या आसपास भार उचलते. पिंपे दोन्ही कडांना बाहेरच्या अंगाने असतील तर मोटार कलंडत नाही. खाली, मध्यभागी बांधली तर पिंपावर उभे राहिल्यासारखे होते आणि पाठीवर उलटी होते. छपरावर सामान ठेवणे, दोघांनी एका खिडकीतून वाकणे, ही जमिनीवरची निरुपद्रवी वागणूक पाण्यात घात करते. पंख्यापर्यंत शक्ती नेणे हेही किचकट, कारण या मोटारीत शक्ती पुढच्या चाकांना जाते आणि पंखा मागे हवा. पुष्कळजण शेवटी होडीचे वेगळे छोटे इंजिन मागे अडकवतात, आणि मग मोटारीच्या इंजिनाला पाण्यात काहीच काम उरत नाही.

ही सगळी डोकेदुखी एका कंपनीने रीतसर सोडवली होती. जर्मनीत १९६१ पासून काही वर्षे ‘अँफिकार ७७०’ नावाची मोटार तयार होत असे. इंजिन मागे, त्यामुळे नाक वर; दारांना दुहेरी रबर आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आवळण्याचा स्वतंत्र दांडा; मागे दोन पंखे; पुढची चाकेच सुकाणू. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे एक होती. टेक्ससमधल्या आपल्या मळ्यावर पाहुण्यांना बसवून, ब्रेक निकामी झाल्याचा आरडाओरडा करीत ते ती थेट तळ्यात घालत. थट्टा जबरदस्त होती, धंदा मात्र बसला नाही. एकूण चार हजारांच्याही आत मोटारी तयार झाल्या. रस्त्यावर ती साधी मोटार, पाण्यात साधी होडी, आणि किंमत दोन्हींपेक्षा जास्त. शिवाय प्रत्येक पोहण्यानंतर ग्रीस भरणे आलेच. दोन दुकाने एकाच भांडवलावर चालवणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.

त्या मोटारीच्या नावातील एक ७ म्हणजे पाण्यातील वेग, ताशी सात सागरी मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर. तिचे इंजिन अश्वशक्तीने मारुतीच्या जवळपासचे होते. चाके, खोबणी आणि चौकोनी नाक पाण्यात ओढत नेताना यापेक्षा अधिक वेग मिळत नाही. आता पुराच्या नाल्याचा वेग सेकंदाला तीन मीटर धरा; तो ताशी ११ किलोमीटर होतो. म्हणजे जगातील सर्वांत नामांकित जलस्थल मोटार पूर्ण जोर लावूनही अशा प्रवाहात जवळजवळ जागच्या जागी उभी राहील. तिच्या जागी पिंपे बांधलेली मारुती असेल, तर ती खाली वाहत जाईल. तळ्यात डौलाने फिरणारे वाहन आणि पुरातून माणसे काढणारे वाहन, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरगुती प्रयोगांच्या कौतुकात हा फरक हमखास विसरला जातो.

तरंगण्याचा जो हिशेब कारागिराला उत्साह देतो, तोच चालकाला भय देतो. मारुतीचा तळ रस्त्यापासून जेमतेम १७ सेंटिमीटर वर असतो. त्यात वरचे २५-३० मिळवले की उत्तर येते दीड फूट. दीड फूट पाण्यात साधी, न बदललेली हॅचबॅक उचलली जाऊ लागते. पाणी आत शिरेपर्यंतची काही मिनिटे ती होडीच असते, पण सुकाणू नसलेली. आणि उचलली जाण्याच्या आधीच चाकांची पकड सुटते. वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. गुडघाभर पाणी पाहून ‘एवढ्याशातून निघून जाऊ’ म्हणणारा चालक खोली मोजतो, वेग मोजत नाही.

फुलसावंगीच्या अपघातानंतर सातच आठवड्यांनी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, शेजारच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर याची भीषण प्रचिती आली. गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने नाला पुलावरून वाहत होता. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटीची बस त्या पाण्यात घातली गेली आणि पुलावरून खाली गेली. काहींना वाचवण्यात आले, काहींना प्राणास मुकावे लागले. लोकांना वाटते की बस जड, ती कशी वाहील? दहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बसचा तळ २५ चौरस मीटर असतो. तळाच्या वर फूटभर पाणी चढले की साडेसात टन वजन पाणी स्वतःकडे घेते. उरलेल्या भारावर टायर रस्ता धरून ठेवू शकत नाहीत आणि बाजूने येणारा रेटा थांबत नाही. जड वाहनाला आपल्या जडपणाचा भरवसा वाटतो. पाणी मात्र आकार पाहते.

तरीही घरगुती कारागिरासाठी पाणी हे हवेपेक्षा दयाळू गुरू आहे. ऐन उन्हाळ्यातील धरणाच्या काठी, कमरेइतक्या स्थिर पाण्यात, मागे दोर बांधून, अंगात जीवरक्षक जाकीट घालून, आत कुणी न बसता आधी वाळूची पोती ठेवून चाचणी घेता येते. गळती कुठे आहे ते बादल्यांनी मोजता येते. कलंडते की नाही ते एका कडेला पोते सरकवून कळते. इंजिन बंद पडले तर दोर ओढायचा. प्रत्येक चूक दाखवली जाते आणि बहुतेक चुका माफ होतात. मुन्ना हेलिकॉप्टरची चाचणीसुद्धा दुरून, आत कुणी न बसता, पात्यांभोवती वाळूच्या पोत्यांची भिंत करून घेता आली असती. हे सांगणारे माणूस जवळ हवे होते. पुसदला १९८३ पासून, म्हणजे मारुतीच्या जन्मवर्षापासूनच, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यवतमाळलाही आहे. तेथील मुले धातूचा थकवा पुस्तकात शिकतात आणि खेड्यातील मिस्त्री तो हाताने अनुभवतात. या दोन ठिकाणांमध्ये बसचा तासा-दोन तासांचा रस्ता आहे, पण एकाने दुसऱ्याच्या दारात जाण्याची रीत आपल्याकडे नाही. ती रीत नसल्याची किंमत मोजतो तो कारागीर.

रीत घालता येत नाही असे नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांपासून मुलासाठी छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी, सुमारे साठ हजार रुपये खर्चाची. आनंद महिंद्रा यांनी ती पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हे त्यांनी उघड सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती स्वीकारली. यात कौतुक आहे, तसाच व्यवहारही आहे, आणि व्यवहाराचा भाग अधिक मोलाचा वाटतो: धोक्याची वस्तू रस्त्यावरून निघाली, कारागिराचा मान राहिला. दुसरीकडे मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधले. ते स्वतः वैमानिक, त्यामुळे कागद आणि परवानगी यांचे महत्त्व जाणून होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात. मधली वर्षे सरकारी दारांत गेली. त्या दिरंगाईवर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्या काळात कुणी घाईने उड्डाण केले नाही हेही खरे.

जलस्थल मोटारीला तर दोन दारे ठोठवावी लागतील. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल मनमानीने करता येत नाही, आणि पाण्यात उतरल्यावर अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ लागू होतो. म्हणून असा प्रयोग रस्त्यावर आणि नदीत न्यायचा नसतो. खाजगी शेततळ्यात प्रयोग म्हणूनच करायचा असतो. हार्डवेअरच्या गादीवर बसलेल्या माणसासमोर असा कारागीर अधूनमधून येतोच. त्याला अर्ध्या इंचाचे बोल्ट हवे असतात, ॲल्युमिनियमचा पत्रा हवा असतो, थोडी उधारी हवी असते. ‘कशासाठी?’ एवढे विचारायला काही लागत नाही. उत्तर ऐकून हसण्याऐवजी साध्या बोल्टाच्या जागी जास्त ताकदीचा बोल्ट पुढे सरकवणे, एक शिरस्त्राण बिलात न धरता पिशवीत टाकणे, ओळखीच्या प्राध्यापकाचा फोन क्रमांक पावतीच्या मागे लिहून देणे, हे गादीवरून होण्यासारखे आहे.

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि तेथील माणसे अडकून पडली. त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करण्यात आले, आणि अखेर माणसे सुखरूप निघाली. फुलसावंगी याच महागाव तालुक्यात आहे.